पाठीची शस्त्रक्रिया आणि पावलांचा हिशेब



आरंभीच आपणा सर्वांची क्षमा मागावयाची आहे. वक्त्यासाठी येथे गादीची चांगली खुर्ची मांडलेली आहे, परंतु आम्ही तिच्यावर बसणार नाही. बोलताना मधूनमधून दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे असेही करू. त्यास अस्वस्थपणा समजू नये. गेल्या वर्षी आमच्या कमरेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि एका बैठकीस किती वेळ बसावयाचे याचा नियम आम्ही तेव्हापासून पाळीत आलो आहोत. आपणांपैकी कोणी बसून अवघडले, तर त्यांनी खुशाल उठून उभे राहावे. आमचा अपमान होणार नाही. उलट विषय नीट पोहोचला असे आम्ही समजू.

आमचे गाव चुडावा. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, पूर्णा जंक्शनाहून नांदेडकडे जाताना हे स्टेशन लागते. पुष्कळ गाड्या तेथे न थांबता पुढे निघून जातात, तेव्हा आपणांपैकी अनेकांनी ते गाव खिडकीतूनच पाहिले असेल. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, हळद, असा आमचा मुलूख. अशा गावात पाठदुखी ही काही बातमी नव्हे. ‘कंबर धरली’ एवढे दोन शब्द बोलून माणसे कामास लागतात. आम्हीही दोन वर्षे तेच केले. पुढे कमरेतून निघालेली कळ मांडीतून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत जाऊ लागली, पाऊल जड पडू लागले, आणि अखेर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरले नाही.

ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कमरेच्या भागात पाच मणके असतात आणि वरच्या साऱ्या शरीराचा भार त्यांच्यावर येतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिचे बाहेरचे कडे चिवट, आतला गर मऊ. ते कडे फाटले म्हणजे आतला गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब पडतो. दुखणे पाठीत आणि कळ पायात, असे होते ते यामुळे. या दुखण्याचा आणि चकतीचा संबंध अमेरिकेतील बॉस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी 1934 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्पष्ट झाला, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. चकती सरकलेल्या बहुसंख्य माणसांस शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही. काही आठवड्यांत, काही महिन्यांत दुखणे आपोआप ओसरते. तेव्हा आमचे व्याख्यान ऐकून कोणी उद्या सकाळी शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये!

शस्त्रक्रिया पार पडली. दुसऱ्याच दिवशी आम्हास धरून उभे केले आणि चार पावले चालविले. पायातील कळ गेलेली होती. तो आनंद शब्दांत सांगता येणार नाही. घरी सोडताना सूचना मिळाली ती अशी: रोज थोडे थोडे चाला, वाकू नका, वजन उचलू नका, सहा आठवड्यांनी दाखवायला या. आता ‘थोडे’ म्हणजे किती? उंबऱ्यापर्यंत, की वेशीपर्यंत? हे आम्ही विचारले नाही. रुग्णालयात गर्दी होती, गाडी दारात उभी होती, आणि बरे झाल्याच्या भरात आम्हास तो प्रश्न सुचलाच नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे तो न विचारलेला प्रश्न होय.

घरी आलो आणि गावाची दोन मते पडली. भेटीस येणारी वडील माणसे म्हणत, “गप पडून राहा. पाठीचा मामला आहे.” तरुण मंडळी म्हणत, “पडून राहाल तर सांधे धरतील. उठा, फिरा.” वडील माणसांचे मत ही काही अडाणीपणाची गोष्ट नव्हती. एका काळी डॉक्टरच पाठीच्या रोग्यास आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. परंतु निजून राहिल्याने स्नायू झडतात, पोटरीच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय वाढते आणि मन खचते. डेयो नावाच्या अमेरिकन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1986 साली पाठदुखीच्या रोग्यांचे दोन गट करून पाहिले. एकास दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्यास सात दिवस. दोन दिवसवाले अधिक लवकर कामावर गेले, आणि त्यांचे दुखणे काही वाढले नाही. हे रोगी शस्त्रक्रियेचे नव्हते, हे खरे. पण अंथरुणाची जुनी प्रतिष्ठा कमी होण्यास अशाच प्रयोगांनी सुरुवात झाली. तेव्हा चालावयाचे, याविषयी वाद उरला नाही. वाद उरला तो मापाचा.

माप घेण्याचे काम आमच्या पुतण्याने अंगावर घेतले. हल्ली प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असतो आणि त्यात हालचाल टिपणारी एक बारीक यंत्रणा असते. चालताना शरीरास जे हेलकावे बसतात, त्यांवरून ती पावले मोजते. भिंतीवरच्या ज्या दिनदर्शिकेत वहिनी दुधाचा हिशेब लिहीत, त्याच चौकटीत दुधाच्या खाली आमची पावले लिहिली जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात चारशे, पाचशे. दुसऱ्यात सातशे, आठशे. आकडा कालच्यापेक्षा वाढला की घरात कौतुक होई. आम्हासही त्याची गोडी लागली. रात्री निजण्यापूर्वी आम्ही आकडा पाहू, आणि कालच्यापेक्षा पन्नास कमी भरले तर ओसरीत येरझाऱ्या घालून ते पन्नास पुरे करू.

चौथ्या आठवड्यात व्हावयाचे ते झाले. रोज पंधराशेच्या आसपास चालणे होत होते. त्या दिवशी सकाळी पाय हलका वाटला, ऊन कोवळे होते, आणि महिनाभर शेताचे तोंड पाहिलेले नव्हते. निघालो. नांगरटीच्या ढेकळांतून शेताच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. रात्री चौकटीत बेचाळीसशे लिहिले. घरात पेढे वाटावयाचेच काय ते उरले! दुसऱ्या दिवशी सकाळी उठवेना. पायात ती ओळखीची कळ परत आलेली. त्या आठवड्याचे सात आकडे आम्हास अजून पाठ आहेत. चौदाशे, पंधराशे, बेचाळीसशे, तीनशे, दोनशे, चारशे, सातशे. बेरीज करून पाहा. सत्याऐंशीशे होते. रोज नेमाने पंधराशे चाललो असतो तर साडेदहा हजार झाली असती. म्हणजे पराक्रमाच्या आठवड्यात आम्ही कमीच चाललो होतो, आणि वर चार दिवसांचे अंथरूण व घरच्यांचा घोर पदरी पडला.

तेव्हा आम्हास कळले की आकडा आम्ही उलट्या बाजूने वाचीत होतो. आणखी चाल, असे तो सांगतो अशी आमची समजूत होती. वस्तुतः त्याचे पहिले काम ‘आता थांब’ हे सांगण्याचे होते. हा विचार काही आमचा नव्हे. अमेरिकेत सिएटल येथे विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ जुनाट दुखण्याच्या रोग्यांवर काम करीत. त्यांनी 1970 नंतरच्या दशकात ही पद्धत मांडली. दुखेपर्यंत काम करावयाचे आणि दुखले की निजावयाचे, ही आपली सर्वांची रीत. ते म्हणत, असे करू नका. कामाचा वाटा आधी ठरवा, तो दुखण्याच्या मर्यादेच्या आत ठेवा, आणि तेवढा झाला की बरे वाटत असतानाच थांबा. वाटा हळूहळू वाढवा.

आपल्याकडे हे समजावयास मानसशास्त्र नको. शेगावची पालखी आपल्या परभणी-गंगाखेडवरून पंढरपुरास जाते. तिचे मुक्काम आधी ठरलेले असतात. आज अंगात बळ आहे म्हणून कोणी दोन मुक्काम एका दिवसात गाठीत नाही, आणि पाय दुखतात म्हणून वाटेत घर करून राहतही नाही. शेकडो मैल चालून म्हातारी माणसे पोहोचतात, त्यात श्रद्धेचे बळ तर आहेच, पण मुक्कामाच्या शिस्तीचेही आहे.

आता आपण विचाराल की, रोज दहा हजार पावले चालावी असे सर्वत्र म्हणतात, त्याचे काय? त्या आकड्याचा जन्म ऐकण्यासारखा आहे. टोकियोच्या 1964 सालच्या ऑलिंपिकनंतर जपानात व्यायामाची लाट आली, आणि 1965 साली तेथे पावले मोजण्याचे एक लहान यंत्र विकावयास निघाले. त्याचे नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. यंत्राच्या नावातला आकडा पुढे जगाचा नियम होऊन बसला! अमेरिकेत वृद्ध स्त्रियांची पाहणी करून 2019 साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात चालण्याचा लाभ साडेसात हजारांच्या सुमारास स्थिरावतो असे दिसले, आणि चव्वेचाळीसशेवरही तो चांगला जाणवला. पाठीच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाने तर दुसऱ्याचा कोणताच आकडा उसना घेऊ नये.

यंत्राचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिल्या आठवड्यात आम्ही भिंत धरून, पाय घाशीत चालत होतो. पुतण्या मोठ्याने मोजी आणि यंत्राशी ताडून पाही. यंत्र निम्मीसुद्धा पावले धरीत नसे, कारण चाल मंद असली की हेलकावाच उमटत नाही. मनगटावर यंत्र बांधून हातात आधाराची चौकट धरली तर हात हलत नाही, मग तेही चुकते. शिवाय एक हजार पावले सपाट ओसरीवर आणि एक हजार ढेकळांत, ही यंत्राच्या लेखी सारखीच.

मोजण्यासाठी यंत्रच हवे असेही नाही. कुमाऊंचे नैनसिंग रावत 1865 साली सर्वेक्षण खात्याच्या कामगिरीवर यात्रेकरूच्या वेषात तिबेटात निघाले आणि पुढल्या वर्षी ल्हासास पोहोचले. त्यांच्या हातात जपमाळ होती. माळेत 108 मणी असावयाचे, यांच्या माळेत शंभरच होते. दर शंभर पावलांस ते एक मणी सरकवीत. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, आणि त्यांच्या ठरीव पावलाने पाच मैल. जगास ठाऊक नसलेल्या रस्त्यांची लांबी एका माणसाने अशी मणी ओढून मोजली.

आमच्या आळीतील एका काकूंनी नैनसिंगांचे नावही ऐकलेले नसेल. त्यांची हीच शस्त्रक्रिया आमच्या आधी दोन वर्षे झाली होती. आम्ही शेतापर्यंत जाऊन अंथरूण धरले, त्यानंतर त्या समाचारास आल्या. भिंतीवरचे आकडे त्यांना वाचून दाखविले. त्या ऐकून म्हणाल्या, “पावलं तर लेकरंबी मोजतील. तुम्ही वाकता किती, ते कुठं लिवलंय?”

आम्ही निरुत्तर झालो. मग त्यांनी स्वतःची रीत सांगितली. दोन वाट्या घ्यावयाच्या. एकीत हरभऱ्याचे वीस दाणे. वाकणे झाले, घागर उचलली, चुलीपुढे बसून उठणे झाले, की एक दाणा दुसऱ्या वाटीत. वीस दाणे सरले की त्या दिवसापुरते वाकणे संपले. उरलेले काम सुनेकडे, नाहीतर उद्यावर. पुढे दर आठवड्यास दोन दाणे वाढवावयाचे. पहिले दोन दिवस सकाळी नऊ वाजताच वाटी रिकामी झाली, तेव्हा आपण किती वाकतो हे त्यांना प्रथम कळले.

आपण शहरातील मंडळी पाठीचा विचार करताना चालण्याचा करता, कारण आपले आयुष्य बसण्यात जाते. गावात तसे नाही. कापूस वेचणारी बाई दिवसभर चालतच असते. वाकून चालते, आणि वेचलेला कापूस कमरेच्या ओटीत साठत जातो. मजुरी किलोवर. खुरपणीस बसली तर उकिडव्याने पात लावते. तिच्या पावलांचा आकडा पाहून कोणी म्हणेल, वा, काय उत्तम व्यायाम! डॉक्टर विचारतात, “चालता ना?” ती खरेच सांगते, “चालते.” वाकण्याचे विचारले जात नाही. हे यंत्राचे अज्ञान नव्हे, विचारणाऱ्याचे आहे. फाटलेले कडे भरून येत असताना पुढे वाकून वजन उचलणे हेच चकतीस अधिक जाचते, आणि तेच मोजमापाच्या बाहेर राहते.

आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काकू उठून गेल्यावर आमचे लक्ष दिनदर्शिकेकडे गेले. त्यात आमची पावले होती. महिनाभर आमच्या वाटणीच्या घागरी आणि सरकीची पोती कोणी उचलली? वहिनींनी. त्यांच्या पाठीचा हिशेब त्या चौकटीत कोठेही नव्हता, आणि आकडे लिहीत होत्या मात्र त्याच. त्या दिवशी आम्ही पुतण्यास सांगितले की घरात वाट्यांच्या दोन जोड्या ठेव, एक आमची आणि एक तुझ्या आईची. वहिनी हसल्या. म्हणाल्या, “भाऊजी, माझे वीस दाणे तर अंगण झाडण्यातच जातील.” ते खरेच होते. पाणी भरणे पुतण्याकडे आले ते त्या दिवसापासून.

आता नोंद कशी ठेवावी ते क्रमाने सांगतो. पहिले तीन दिवस काहीही न वाढविता जसे होईल तसे चालावे आणि लिहावे. तिन्हींची सरासरी काढावी, आणि तिच्याहून थोडे कमी हा आपला पहिला वाटा धरावा. आम्ही त्या फजितीनंतर बाराशेवर आलो. हा वाटा एकदम संपवू नये, चार-पाच फेऱ्यांत विभागावा. चौकटीत चार गोष्टी लिहाव्या. पावले किती, वाकणे किती, एका बैठकीस जास्तीत जास्त किती वेळ बसलो, आणि चौथी म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे. ही चौथी सर्वांत महत्त्वाची. कालचा आकडा योग्य होता की नाही, याचा निकाल रात्री लागत नाही, आज सकाळी लागतो. आठवडाभर सकाळ चांगली गेली तर वाटा दोनशे-तीनशेने वाढवावा. सकाळ वाईट गेली तर मागल्या आठवड्याच्या वाट्यावर यावे, पण शून्यावर येऊ नये.

शस्त्रक्रियाही एक प्रकारची नसते. कोणाची चकती नुसती छाटलेली असते, कोणाचे मणके स्क्रूंनी जोडलेले असतात आणि तेथे हाड जुळून यावयास कित्येक महिने लागतात. तेव्हा आमचे आकडे आमच्यापुरते. आपण मात्र घरी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस तीन प्रश्न अवश्य विचारावे. किती चालू? किती वेळ बसू? वाकण्यास आणि वजनास केव्हा आरंभ करू? आणि पुढल्या भेटीस ती दिनदर्शिका सोबत न्यावी. ‘बरे आहे’ या दोन शब्दांपेक्षा त्या चौकटी त्यांना अधिक सांगतील.

काही गोष्टी चौकटीत लिहीत बसावयाच्या नसतात. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांची आतली बाजू व बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. ताप आला, जखमेतून पाणी वा पू वाहू लागला, एकच पोटरी सुजून दुखू लागली, श्वास लागला, तरीही थांबू नये.

शेवटी एक शंका. बरे वाटू लागल्यावर हा हिशेब कशाला? अमेरिकेत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यांची चालण्याची शक्ती वाढली, तरी त्यांचे रोजचे हिंडणेफिरणे पूर्वीइतकेच राहिले. शल्यविशारदाने मज्जातंतू मोकळा केला, पण दोन-चार वर्षे दुखण्याच्या धाकाने जी बसण्याची सवय लागली, ती तशीच राहिली. पहिल्या तीन महिन्यांत आकड्याचा उपयोग आम्हास आवरण्यासाठी झाला. त्यानंतर तोच आकडा आम्हास ओसरीवरून उठवू लागला. आज आम्ही पाच हजारांच्या आसपास असतो. शेतात जाऊन येतो, वाटेत एकदा बांधावर टेकतो. दहा हजारांचा संकल्प नाही. वाट्या अजून फडताळात आहेत. वेचणीच्या दिवसांत वहिनी त्या पुन्हा काढतात, आणि वीस दाणे संपले की आम्हास हाक मारतात.

 आपण बराच वेळ बसलेले आहात. अध्यक्षांचा समारोप ऐकण्यापूर्वी सर्वांनी एकदा उभे राहावे, ही विनंती.